गोळी बदला, टॅमॉक्सिफेन सोडू नका

वाचकाचं पत्र:

मॅडम, माझं वय ४८. राहते बोरिवलीला, नोकरी फोर्टात. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. केमोत पाळी गेली ती गेलीच. तेव्हापासून टॅमॉक्सिफेन २० रोज एक चालू आहे आणि तेव्हापासूनच अंगातून वाफा निघतात. सकाळच्या गाडीत तर दादर येईपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटलेला असतो. समोरची बाई विचारते, बरं वाटत नाही का? रात्री तीन-चारदा उठून गाऊन बदलते. एका डॉक्टरांनी ‘या वयात होतंच, सहन करा’ म्हटलं. दुसऱ्यांनी पॅरोक्सेटिन लिहून दिली. केमिस्टकडचा मुलगा म्हणाला, ‘काकी, ही तर डिप्रेशनची गोळी.’ मला काही वेड लागलेलं नाही, म्हणून स्ट्रिप तशीच कपाटात ठेवली. ऑफिसातली मैत्रीण शतावरी आणि सोयाच्या कॅप्सूल घे म्हणते. नणंद न्यू जर्सीला असते, ती ‘वेओझा’ नावाची नवी गोळी पाठवते म्हणते. हार्मोनची गोळी अजिबात घ्यायची नाही असं कॅन्सरच्या डॉक्टरांनी बजावलंय. मग मी करू तरी काय?
ता. क. मे महिन्यात मी आठ दिवस टॅमॉक्सिफेन बंद ठेवून पाहिली. फारसा फरक पडला नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.
— एक वाचक, बोरिवली

ताई,

तुमच्या ता. क.पासूनच सुरुवात करते, कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तिथेच लिहिलंय.

रागावत नाही. वाफांनी जीव नकोसा झाला की ही गोळी गुपचूप बंद ठेवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. पण तुम्हीच लिहिता की फारसा फरक पडला नाही. तो पडणारही नव्हता. टॅमॉक्सिफेन रक्तात निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो आणि तिच्यापासून शरीरात तयार होणारे घटक त्याहूनही जास्त दिवस रेंगाळतात. म्हणजे आठ दिवसांच्या सुट्टीत वाफा होत्या तिथेच राहतात आणि सवय मात्र मोडते. पुढच्या वेळी आठाचे पंधरा दिवस होतात. ही गोळी कॅन्सर परत येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं घ्यायची असते आणि तिचा खरा फायदा नेमाने घेण्यातच आहे. आठ दिवस चुकले म्हणून घाबरू नका, पण पुढच्या भेटीत ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना, हे सांगाच. वाफांचा त्रास गोळी सोडण्यापर्यंत गेलाय हे कळल्याशिवाय ते त्याकडे गांभीर्याने बघणार नाहीत. ‘थोडं गरम होतं’ एवढंच सांगितलंत तर उत्तरही तेवढंच मिळेल.

आता कपाटातली स्ट्रिप. ती घेतली नाहीत हे उत्तम झालं. मात्र ज्या कारणासाठी ठेवून दिलीत, ते कारण चुकीचं आहे.

पॅरोक्सेटिन डिप्रेशनसाठी वापरतात हे खरं. पण तीच गोळी अगदी कमी डोसमध्ये, साडेसात मिलिग्रॅम, वाफांवर चालते. २०१३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने वाफांसाठी मान्यता दिलेलं पहिलं बिगरहार्मोन औषध तेच. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला मनोरुग्ण ठरवून ती दिली, असं मुळीच नाही. टॅमॉक्सिफेन न घेणाऱ्या बाईला ती देता येते.

तुमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. टॅमॉक्सिफेन पोटात जाते तशी फारशी कामाची नसते. यकृतातलं एक एन्झाइम तिच्यापासून एन्डॉक्सिफेन नावाचा घटक बनवतं आणि खरं काम बरंचसं हे एन्डॉक्सिफेन करतं. पॅरोक्सेटिन नेमकं तेच एन्झाइम अडवून धरते. म्हणजे टॅमॉक्सिफेन रोज घेऊनही तिचा काही भाग वाया जाणार. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या बायकांच्या नोंदी तपासून २०१० साली एक अभ्यास छापून आला. दोन्ही गोळ्या जितका जास्त काळ एकत्र घेतल्या, तितकं स्तनाच्या कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. नंतरच्या काही अभ्यासांत तेवढा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. पण तितकाच चांगला दुसरा पर्याय हाताशी असताना हा धोका पत्करायचा कशाला? फ्लुऑक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन याही गोळ्या त्याच एन्झाइमला अडवतात. त्याही नकोत.

ही गफलत होते कशी, तेही सांगते. आपल्याकडे कॅन्सरची फाइल एका हॉस्पिटलात, बीपीचा कागद फॅमिली डॉक्टरांकडे आणि वाफांची चिठ्ठी तिसऱ्याच दवाखान्यात. हे तीन कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत. म्हणून घरात चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिपा पालथ्या घालून मागच्या बाजूचे फोटो काढा. कंपनीने दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव नको, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव नीट दिसलं पाहिजे. पित्ताची, गुडघ्याची, झोपेची, आयुर्वेदिक, सगळ्या आल्या. ज्या डॉक्टरकडे जाल तिथे खुर्चीत टेकल्या टेकल्या मोबाइल पुढे करायचा.

वाफा मुळात येतात कशाने? मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरलं, किंवा तुमच्यासारखं औषधाने अडवलं गेलं, की तिथल्या काही पेशी हुळहुळ्या होतात. एरवी शरीर जी जराशी गरमी खपवून घेतं, ती आता खपत नाही. जुन्या बिल्डिंगमधला एमसीबी नुसती इस्त्री लावली तरी खटकन पडतो ना, तसं. मेंदूला वाटतं अंग तापलंय. लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि दोन-पाच मिनिटांनी उलट हुडहुडी भरते. या सगळ्या कारभारात सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनंही असतात. डिप्रेशनच्या गोळ्या त्यांच्यावरच काम करतात, म्हणून वाफांवरही त्यांचा उपयोग होतो. मन ठिकाणावर असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. आणि समजा उद्या डिप्रेशनसाठीच गोळी घ्यावी लागली, तर त्यातही लाजण्यासारखं काही नाही. केमिस्टकडच्या मुलाला तेवढं कोण सांगणार!

तुमच्यासाठी मी ज्याचं नाव पुढे करीन ते औषध म्हणजे व्हेन्लाफॅक्सिन. त्या एन्झाइमला ते जवळपास हातही लावत नाही, म्हणून टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना बहुतेकदा हेच देतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००० साली ते तुमच्यासारख्याच, म्हणजे बहुतांश स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांवर चार आठवडे तपासलं. ७५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या वाफा ६१ टक्क्यांनी उतरल्या, साडेसदतीसवाल्यांच्या ३७ टक्क्यांनी. आणि ज्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्या? त्यांच्याही २७ टक्क्यांनी उतरल्या. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, शतावरीकडे आलो की लागणार आहे.

साधारणपणे साडेसदतीसची, हळूहळू विरघळणारी कॅप्सूल आठवडाभर देतात आणि सोसली तर ७५वर नेतात. नाश्त्यानंतर घ्यायची. पहिले आठ-दहा दिवस मळमळतं, तोंडाला कोरड पडते, कुणाला बद्धकोष्ठ होतं. इथेच बऱ्याच जणी कंटाळून सोडतात. दोन आठवडे दम धरला तर मळमळ बहुतेकींची जाते आणि फायदाही तेवढ्यातच दिसायला लागतो. डिप्रेशनमध्ये लागतात तसे दीड-दोन महिने थांबावं लागत नाही. बीपी मात्र सुरू करण्याआधी आणि नंतर मोजायचं, कारण या औषधाने ते चढू शकतं. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल घेत असाल तर तेही सांगा, ही जोडी बरी नाही. आणि बरं वाटलं म्हणून एके दिवशी फट्कन बंद करायची नाही. चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं होणं, चिडचिड असं सगळं मागे लागतं. डॉक्टरांना विचारून डोस उतरवत आणायचा. व्हेन्लाफॅक्सिन सोसवलं नाही तर एस्सिटॅलोप्रॅमचा विचार करता येतो, तीही त्या एन्झाइमला फारसा त्रास देत नाही.

दिवसाच्या वाफा कशाही निभावता येतात, रात्रीच मारतात, असं असेल तर गॅबापेन्टिनही आहे. मधुमेहात पायांची आग होते तेव्हा देतात तीच. झोपताना ३०० मिलिग्रॅमने सुरुवात करतात. टॅमॉक्सिफेनशी तिचं भांडण नाही आणि तिने येणारी गुंगी रात्री कामालाच येते. फक्त सकाळी ती गुंगी पूर्ण उतरलेली नसेल तर प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून धावती गाडी पकडायचे दिवस नव्हेत ते. म्हणून पहिला डोस शनिवारी रात्री घेऊन बघा, म्हणजे रविवारी सकाळी कसं वाटतं ते कळेल. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी लागतो. आणि केमिस्टकडून घेताना बघा, गॅबापेन्टिनमध्ये व्हिटॅमिन मिसळलेल्या जोडगोळ्या बाजारात भरपूर आहेत, त्यांची तुम्हाला गरज नाही.

तिसरं नाव ऑक्सिब्युटिनिन, लघवी सारखी लागते त्यावरचं जुनं औषध. वाफांवर ते चालतं हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय. पण तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही आणि अशा जातीची औषधं वर्षानुवर्षं घेतल्यावर स्मरणशक्तीवर परिणाम होतो का, ही काळजी आहेच. माझ्या मते तुमच्या यादीत ते खाली राहू दे. क्लोनिडिन हे बीपीचं औषध एके काळी यासाठी देत. आता अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३च्या शिफारशींतून ते काढून टाकलंय. कुणी लिहून दिलंच तर का, ते विचारा.

गोळ्यांशिवायच्या उपायांत मला खरा दम वाटतो तो कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारात. हिला सीबीटीच म्हणतात. लंडनमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या ९६ बायकांवर याचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा दीड तास, असे सहा आठवडे गटात बसायचं. वाफांची संख्या काही घटली नाही, पण त्यांचा जाच बराच कमी झाला आणि पुढेही कमी राहिला. संख्या तीच आणि त्रास कमी, हे ऐकायला गोलमाल वाटतं. पण तुमची सकाळची गाडी बघा. वाफ येते दोन-तीन मिनिटं. पण ‘आता सगळ्या माझ्याकडे बघणार, घामाचा वास येत असेल, ही विचारणार काय झालं’ हे चक्र अंधेरीपासून चर्चगेटपर्यंत चालतं. त्या धसक्याने छाती धडधडते आणि पुढची वाफ लवकर येते. सीबीटीत ते विचार पकडायला शिकवतात, त्या क्षणी खांदे सैल सोडून पोटातून संथ श्वास घ्यायला शिकवतात आणि रात्री जाग आल्यावर घड्याळ न बघता परत झोपायचं कसं, तेही. नुसता संथ श्वास घेऊन वाफा कमी होत नाहीत, हे तपासून झालंय. या सगळ्याबरोबर तो कामाचा. केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे केसपेपर काढून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटायचंय म्हणून सांगा. ‘मेनोपॉजच्या वाफांसाठी’ म्हटल्यावर समोरच्याच्या कपाळावर आठ्या आल्या तरी उठून येऊ नका, झोपेसाठी सीबीटी हवी म्हणा. ती ओळखीची गोष्ट आहे.

योगासनं, चालणं, पंखा, सुती कपडे याबद्दल स्पष्टच सांगते. यांनी वाफांची संख्या घटते असं सिद्ध झालेलं नाही. तरी करायचं, कारण झोप आणि मन दोन्ही सुधारतं आणि मुंबईच्या मे महिन्यात, ऑक्टोबरात घाम अंगावर वाळतच नाही, तिथे जिवाला जेवढा थंडावा मिळेल तेवढा हवाच. पासचे जास्त पैसे परवडत असतील तर सकाळची एक फेरी एसी लोकलने करा, त्यात चैन कसली? वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने मात्र वाफाही उतरतात, याला आधार आहे.

आता मैत्रिणीची शतावरी. तिला फरक पडला असेलही. मघाचा २७ टक्क्यांचा आकडा आठवा. नुसत्या दिखाऊ गोळीनेही चौथा हिस्सा वाफा गेल्या होत्या. म्हणून ‘मला गुण आला’ हे कितीही मनापासून सांगितलं तरी पुरावा होत नाही. तिच्याबाबतीत हरकत नाही. तुमच्या बाबतीत आहे, कारण या वनस्पतींत इस्ट्रोजेनसारखं वागणारे घटक असतात म्हणूनच त्या विकल्या जातात आणि तुम्ही टॅमॉक्सिफेन घेताय ती इस्ट्रोजेनला गाठीपासून लांब ठेवायला. सोयाच्या वड्यांची भाजी, टोफू खुशाल खा, पानातल्या सोयाने काही बिघडत नाही. सोयाचा अर्क काढून भरलेल्या कॅप्सूल नकोत. त्यांनी वाफा फारशा कमीही होत नाहीत. हळदीचंही तसंच. आमटीत घाला, पण मिरीच्या अर्कासकट येणाऱ्या करक्युमिनच्या कॅप्सूल नकोत. त्यांनी एन्डॉक्सिफेनची पातळी थोडी खाली येते असं एका छोट्या अभ्यासात दिसलंय.

हार्मोन का नको, याचं कारण तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना हार्मोन देऊन पाहणारा ‘हॅबिट्स’ नावाचा अभ्यास स्वीडनमधल्या डॉक्टरांनी सुरू केला होता. हार्मोन घेणाऱ्या गटात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसल्याने तो २००३च्या अखेरीस मध्येच थांबवला. बाकीच्या वाचकांनी यावरून आपल्यासाठी निष्कर्ष काढू नये. ज्यांना असा आजार झालेला नाही, रक्तात गुठळ्या किंवा स्ट्रोकचा इतिहास नाही, त्यांच्यासाठी वाफांवर हार्मोनइतकं जालीम औषध अजून दुसरं नाही.

नणंदबाईंची वेओझा म्हणजे फेझोलिनेटंट. हार्मोन नाही, डिप्रेशनचीही नाही. हायपोथॅलॅमसमधल्या त्या हुळहुळ्या पेशींचाच निरोप ती अडवते. अमेरिकेत मे २०२३मध्ये मान्यता मिळाली, रोज ४५ मिलिग्रॅमची एक गोळी. कल्पना सुरेख आहे. पण काहींच्या यकृताला इजा झाल्याचं दिसल्यावर डिसेंबर २०२४मध्ये तिच्या माहितीपत्रकावर सगळ्यात कडक इशारा छापावा लागला. सुरू करण्याआधी, मग पहिले तीन महिने दर महिन्याला आणि पुढे सहाव्या आणि नवव्या महिन्यात यकृताची रक्ततपासणी करायची असते. ते रिपोर्ट वाचून ‘थांबवा’ म्हणणारा डॉक्टर इथे नसताना, कुणाच्या तरी बॅगेतून आलेला डबा उघडायचा नाही. शिवाय ज्या मोठ्या चाचण्यांवर तिला मान्यता मिळाली, त्यांत स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायका घेतलेल्याच नव्हत्या. तिचीच धाकटी बहीण शोभेल अशी एलिन्झानेटंट ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेत आली. तिची एक चाचणी मात्र खास टॅमॉक्सिफेनसारखी औषधं घेणाऱ्या बायकांवर झाली आणि निकाल चांगले आले. हे नाव कागदावर लिहून ऑन्कोलॉजिस्टना दाखवा. मागवायची की नाही ते त्यांनी ठरवू दे.

‘सहन करा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल एकच सांगते. अमेरिकेत हजारो बायकांना वर्षानुवर्षं भेटून केलेल्या पाहणीत, ज्यांना वाफांचा वरचेवर त्रास होतो त्यांच्यापैकी निम्म्या जणींना तो सात वर्षांहून जास्त पुरला. इतकी वर्षं रात्री तीनदा उठायचं आणि सकाळी फोर्ट गाठायचं, हे सहन करण्यातलं नाही.

एक तपासणी तरीही आधी करून घ्या. रात्री घाम फुटणं सगळंच मेनोपॉजचं नसतं. थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. आणि घामाबरोबर संध्याकाळी बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा आपोआप वजन उतरणं यातलं काही असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे आधी. मुंबईत राहतो आपण, टीबी विसरून चालत नाही. तुमच्या बाबतीत वजन उतरत असेल तर ऑन्कोलॉजिस्टना लगेच सांगायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. टॅमॉक्सिफेनवर असताना अंगावरून रक्त गेलं, थेंबभर का होईना, तरी तसंच. ‘पाळी परत आली असेल’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका.

दोन आठवडे कॅलेंडरवर रोज दोनच आकडे लिहा, दिवसाच्या वाफा किती आणि रात्री किती वेळा उठलात. ते कॅलेंडर, स्ट्रिपांचे फोटो आणि एक सरळ प्रश्न घेऊन ऑन्कोलॉजिस्टकडे जा: ‘टॅमॉक्सिफेनबरोबर मला व्हेन्लाफॅक्सिन चालेल की रात्रीसाठी गॅबापेन्टिन?’ बीपी तिथेच मोजून घ्या. आणि पॅरोक्सेटिनची स्ट्रिप बरोबर न्या, म्हणजे ती कुणी का दिली आणि का थांबवायची, हे फाइलमध्ये लिहिलं जाईल.